आंबेशेतची नसलेली माशी

"सर, तुमची माशी आमच्यात न्हाई," फोनवर एक बाई म्हणाल्या. "डास हाईत, गोचीड हाईत. पायजे असतील तर पोतं भरून पाठवून देते. पण तुमी लिवलेली माशी न्हाई."

कोण बोलतंय, असं मी विचारलं. अनोळखी फोन मी सहसा उचलत नाही. उचललाच तर निम्म्या वेळा पलीकडच्या माणसाला माझा आवाज पोचत नाही.

"गीताबाई डोंगळे. आंबेशेतची सरपंच. आमच्या पाण्याच्या घळीत शुक्रवारी औषधाचा धूर मारणार म्हणून सकाळी संदेश आलाय. खाली कारण लिवलंय, प्राध्यापक भालचंद्र हुपरीकर यांचा शोधनिबंध. ते तुमीच न्हवं?"

"हो. मीच."

"मग सांगा की, कधी आला हुतासा आमच्या घळीत?"

मी त्या घळीत कधीच गेलो नव्हतो. तसं सांगितलं.

"न गेलेल्या जागेत माशी घावली व्हय तुमास्नी," त्या म्हणाल्या. "असंल. शिकलेल्या माणसाला घावत असंल. पण सर, त्या घळीतनंच आमच्या टाकीला पाणी येतंय. धूर मारला की पावसाळा सरेपतूर त्या पाण्याला तोंड लावायचं न्हाई म्हणत्यात. तेवढं बघा की."

"बघतो," मी म्हणालो. काय बघणार होतो ते मलाही ठाऊक नव्हतं.

माशी म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं, तसं या माशीत काहीच नाही. तिला पंख नाहीत. डोळे असून नसल्यासारखे. अंग चपटं, पाय लांब, आणि डोकं मागे वळून पाठीवरच्या एका खाचेत ठेवलेलं, जणू कायम आकाशाकडे बघत झोपली आहे. पहिल्यांदा पाहणारा तिला कोळीच म्हणेल. गुहेत राहणाऱ्या फळखाऊ वटवाघळाच्या केसांत ती जन्म काढते, त्याचं रक्त पिते. अशा माश्यांच्या कितीतरी जाती जगभर माहीत आहेत. माझ्याजवळची त्यांतल्या कुठल्याही जातीची नाही, हे ठरवायला मला एक अख्खं वर्ष लागलं. पोटाच्या कडेला कंगव्यासारखी काट्यांची ओळ असते, तिची ठेवण वेगळी होती. शेपटाकडच्या पट्टीचा आकार वेगळा होता. मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो आणि रोज मला वाटायचं की वेगळं काही नाही, आपलेच डोळे म्हातारे झालेत.

यंत्राने हे काम काही मिनिटांत केलं असतं. हल्ली तसंच करतात. पण जातीला नाव द्यायचं तर खाली माणसाचीच सही लागते, आणि हा नमुना मला यंत्राच्या हाती द्यायचा नव्हता. तो एकच होता. एक मादी, बोटाएवढ्या कुपीत, अल्कोहोलमध्ये. ती तुषारने पकडली होती.

तुषार इंगवले माझा विद्यार्थी, नंतर माझा जावई. लग्न झाल्यावरही तो मला सरच म्हणायचा. विद्यापीठातर्फे तो गुहांमधल्या वटवाघळांची पाहणी करत असे. एकदा मलाही घेऊन गेला. माझे गुडघे बघून म्हणाला, "सर, तुम्ही बाहेर करवंदं खात बसा, मी आत जाऊन येतो." तासाभराने अंगभर विष्ठा माखून, हसत बाहेर आला आणि त्याने ती कुपी माझ्या खिशात घातली. पुढच्या महिन्यात तो कातळतापाने गेला. साथीचा नियम म्हणून त्याचे कपडे, वह्या, फोन, सगळं जाळण्यात आलं. माझ्या खिशातली कुपी तेवढी राहिली.

ज्याने नमुना शोधला त्याचं नाव जातीला द्यायची आमच्यात जुनी पद्धत आहे. मी माशीला नाव दिलं युकॅम्सिपोडा तुषारी. छापून आल्यावर केतकीला दाखवायचं मनात होतं. केतकी माझी मुलगी, तुषारची बायको. दाखवायचा धीर मला होत नव्हता, आणि तेवढ्यात 'प्रहरी'ने ते तिला दाखवलं.

कातळतापाच्या पहिल्या साथीनंतर, म्हणजे २०३९ नंतर, सरकारने 'प्रहरी' बसवलं. ते दिवसभर वाचत असतं. जगात छापला जाणारा प्रत्येक शोधनिबंध ते वाचतं, त्यात रक्त पिणाऱ्या नव्या जीवाचं नाव आलं की त्या जीवाचे नातेवाईक कोणते रोग वाहतात हे तपासतं, धोक्याचा आकडा काढतं, निबंधात दिलेली जागा नकाशावर शोधतं आणि त्या जिल्ह्याच्या नावे धुराचा आदेश तयार करतं. ठरल्या दिवशी ड्रोन जातात. धुराने माश्या मरतात, आणि बंद जागेत वटवाघळंही गुदमरतात. कुणी वाईट माणसाने हे यंत्र केलेलं नाही. दोन साथींत इतकी माणसं गेली होती की वाट बघायला कुणी तयार नव्हतं.

आमच्या जिल्ह्यात हे आदेश साथनियंत्रण अधिकाऱ्याकडे जातात. ती अधिकारी म्हणजे केतकी.

ती त्याच संध्याकाळी आली. चप्पल न काढता दारातच उभी राहून तिने फोनवर वाचलं, "युकॅम्सिपोडा तुषारी. बाबा, हे काय आहे?"

"नाव आहे."

"ते कळतंय मला."

"संग्राहकाचं नाव द्यायची पद्धत असते."

"पद्धत." ती आत येऊन बसली. "वाघळाचं रक्त पिणारी माशी. तो ज्या तापाने गेला तो वाघळांचा. तो ताप हीच माशी वाहत असेल. आणि तिला तुम्ही त्याचं नाव दिलंत."

"तो हसला असता."

"हसलाच असता. म्हणून तर राग येतोय." तिने डोळे चोळले. "मागे घ्या ते."

"घेता येत नाही. एकदा छापलेलं नाव ज्याने दिलं त्यालाही पुसता येत नाही."

"चुकलं असलं तरी?"

"चुकलं असलं तरी. आमच्यात चुकासुद्धा जपून ठेवतात."

ती थोडंसं हसली असावी. मी तिच्याकडे बघत नव्हतो. कपाटातल्या कुपीकडे बघत होतो, कारण पुढचं वाक्य मला जड जात होतं.

"केतकी, ती माशी आंबेशेतची नाही."

"तुम्ही स्वतः लिहिलंय आंबेशेत."

"ते पोस्ट ऑफिस आहे."

तिला कळेना. मग मी सांगितलं. माझ्या गुरुजींनी आम्हाला शिकवलं होतं की चिठ्ठीवर सर्वांत जवळच्या पोस्टाच्या गावाचं नाव घालायचं. ओढ्यांची, घळींची नावं बदलतात, शंभर वर्षांनी ती कुणाला सापडत नाहीत. पोस्टाचं गाव सापडतं. देशातल्या निम्म्या कीटकांच्या चिठ्ठ्या अशाच लिहिल्या गेल्या आहेत, आणि ते वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की 'आंबेशेत' म्हणजे आंबेशेतच्या आसपास कुठेतरी. तुषारच्या फोनमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश होते. पण कुपीतली चिठ्ठी त्याने मला आवडते तशी लिहिली होती, जाड कागदावर, शिसपेन्सिलीने, कारण अल्कोहोलमध्ये शाई उतरते. लिहिताना म्हणालाही होता, "सर, पोस्टं तरी राहणार आहेत का?" मी ती चिठ्ठी जशीच्या तशी निबंधात उतरवली. दुसरं काही लिहावं हे मला सुचलंही नाही.

"आणि प्रहरीने नकाशात आंबेशेत शोधलं," केतकी म्हणाली.

"तिथे एकच घळ निघाली. पाण्याची."

"बाबा, ते पोस्ट बंद होऊन किती वर्षं झाली, माहीत आहे?"

"असेल."

"मग खरी जागा कोणती?"

"आंबेशेतच्या डोंगरापलीकडे. कड्याखाली. तिथे वस्ती नाही. तिथल्या गुहेला गुराखी भुयारा घळ म्हणतात." मी थांबलो. "आम्ही मे महिन्यात गेलो होतो."

तुषार जूनमध्ये आजारी पडला हे तिला मी सांगायची गरज नव्हती. त्या दीड महिन्यात तो इतर गुहांतही गेला होता, साथीच्या वॉर्डात नमुने घ्यायलाही गेला होता. ताप कुठे लागला ते कुणालाच कळलं नाही. आमच्या घरात तो विषय निघत नसे. आम्ही दोघांनी तो असा बाजूला ठेवला होता की येता-जाता त्याची ठेच लागू नये. आता मी एक जागा सांगितली होती.

"दुरुस्ती पाठवा," ती उठत म्हणाली. "आत्ता."

दुरुस्ती छापायला पूर्वी सहा महिने लागत. आता चहा निवायच्या आत छापून येते. आदेशावरचं आंबेशेत पुसलं गेलं आणि भुयारा आलं. वार तोच राहिला.

दुसऱ्या दिवशी गीताबाईंचा फोन आला. "सर, पाणी वाचलं बघा. लई उपकार झालं. ती दुसरी घळ कुणाची?"

"कुणाचीच नाही."

"मग बरं," त्या म्हणाल्या.

मी दिवसभर त्या दोन शब्दांशी बसून होतो. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी तरी त्या वटवाघळांचा कोण लागत होतो? मी त्यांना पाहिलंसुद्धा नव्हतं, बाहेर करवंदं खात बसलो होतो. माझ्या एका निबंधामुळे ती हजारो जनावरं गुदमरणार होती, आणि ही माशी दुसरीकडे कुठे असल्याचं कुणाला माहीत नसल्याने बहुधा तीही संपणार होती. जातीचा जन्मदाखला मी लिहिला आणि प्रहरीने तो मृत्यूचा म्हणून वाचला.

आदेश थांबवायची एकच वाट होती, आणि ती मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. निबंधातल्या नमुन्याचीच चाचणी करायची. त्यात कातळतापाचा विषाणू आढळला नाही तर अधिकाऱ्याला आदेश स्थगित करता येतो. पण विषाणू असलाच तर तो पोटात असणार, शेवटच्या रक्ताच्या घोटात. म्हणजे पोट कापून, वाटून, यंत्रात घालायचं. आणि ही जात वेगळी आहे हे दाखवणारी एकूण एक खूण त्या पोटावरच होती. ज्या नमुन्यावरून नाव दिलं तो नमुना नावाचा खुंटा असतो. पुढे शंका आली तर जगातला कुणीही येऊन तो बघतो. म्हणून त्याला हात लावायचा नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं सोवळं. माझ्याकडे दुसरा नमुना नव्हता. आणि तुषारच्या हाताने धरलेली दुसरी वस्तूही या घरात नव्हती.

शिवाय ती चाचणी बोलेल, ही भीती होतीच. होय म्हणाली, तर तुषारला ताप कुठे लागला ते आम्हाला कळणार होतं. न कळण्यावर आम्ही सहा वर्षं जगलो होतो.

केतकीलाही हा नियम माहीत होता. नियम तिच्याच खात्याचा. तिने त्याचा विषय काढला नाही. तिने काढावा म्हणून मी वाट बघितली, आणि मग मला स्वतःची लाज वाटली. मी फोन केला.

"चाचणी करून टाक," मी म्हणालो.

"किती नमुने आहेत?"

"एकच."

"बाबा, तो..."

"हो. तोच."

प्रयोगशाळा तिच्या कार्यालयाच्याच आवारात होती. मी कुपी शर्टाच्या खिशात घालून नेली. तंत्रज्ञ बाईंनी सूक्ष्मदर्शक दिला आणि त्या सभ्यपणे बाहेर गेल्या. मी माशी काचेच्या वाटीत काढली.

"आधी एकदा बघ," मी केतकीला म्हणालो.

तिने नकारार्थी मान हलवली. मग वाकून भिंगाला डोळा लावला. बराच वेळ तशीच राहिली.

"पोटात काहीतरी पांढरं दिसतंय."

"अळी आहे."

"तिची स्वतःची?"

"हो. ही अंडी घालत नाही. एका वेळी एकच अळी पोटात वाढवते. आत ग्रंथी असतात, त्यांतून तिला दुधासारखं काही पाजते. अळी पूर्ण वाढली की मगच ही वाघळाच्या अंगावरून उतरते, गुहेच्या भिंतीला अळी चिकटवते आणि परत जाते. जन्मात ती अंगावरून उतरते ती बहुतेक तेवढ्यासाठीच."

"माशी दूध पाजते."

"दूध म्हणजे, अगदी दूध नव्हे. आम्ही आपलं म्हणतो."

"तुषारला माहीत होतं, पोटात आहे ते?"

"नसावं. तिथे अंधार होता."

ती बाजूला झाली. मी सुईसारखी सुरी उचलली. टोक वाटीच्या कडेवर आपटून टिकटिक वाजू लागलं. केतकीने माझं मनगट खालून धरलं, लहानपणी मी तिला अक्षर गिरवताना धरायचो तसं. त्या आधाराने मी कापलं. डोकं, छाती आणि पाय एकीकडे राहिले. पोट तिने नळीत घेतलं.

निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी आला. विषाणू आढळला नाही.

ती माझ्याकडे घरी आली, हातात कागद घेऊन. मी वाचला, परत वाचला.

"बाबा, म्हणजे तो तिथे आजारी पडला नाही ना?"

माझं सारं आयुष्य 'कदाचित', 'बहुधा' आणि 'नमुन्यांच्या अभावी निश्चित सांगता येत नाही' यांत गेलं आहे. मला माहीत होतं की साध्या अल्कोहोलमध्ये, घरातल्या कपाटात, इतक्या वर्षांत विषाणूचा जनुकीय धागा तुटून नाहीसा होऊ शकतो. न आढळणं म्हणजे नसणं नव्हे. मला हेही माहीत होतं की हे मी बोललो तर तिला सही करणं अवघड होईल. मी चष्मा पुसत बसलो.

"कोण विचारतंय?" मी शेवटी म्हणालो. "अधिकारी की केतकी?"

"केतकी."

"मग नाही. तो तिथे आजारी पडला नाही."

तिने कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "आणि अधिकाऱ्याने विचारलं तर?"

"कदाचित," मी म्हणालो, आणि धाग्याचं सगळं तिला सांगितलं.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं ती चिडेल. ती थकल्यासारखी दिसली. "मला वाटलंच होतं तुम्ही सांगणार," ती म्हणाली. "तुम्हाला गप्प बसता येतं, पण खोटं दोन वाक्यंही टिकत नाही."

"मग आता?"

"एवढ्या कदाचितवर धूर सोडायचा तर अख्खा जिल्हा मारावा लागेल." ती उठली. "एका वर्षाची स्थगिती देते. घळीच्या तोंडापासून माणसांना लांब ठेवू, कुंपण घालू. वर्षाने ताजे नमुने, ताजी चाचणी. मधल्या काळात कुणाला ताप आला तर ते माझ्यावर."

"माझ्यावरही," मी म्हणालो. ते मी इतक्या हळू म्हणालो की तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

कुंपण घालायच्या दिवशी तिने मला बरोबर नेलं. आंबेशेतमधून जाताना गीताबाई रस्त्यावर उभ्या होत्या. त्यांनी गाडी थांबवून तांब्याभर पाणी दिलं. "घळीचंच हाय," त्या म्हणाल्या. मग केतकीकडे बघून, "मॅडम, त्या पलीकडच्या घळीतली वाघळं आमच्या पेरूवर येत्यात बरं का रातच्याला. कुंपण त्यास्नी कसं कळायचं?"

केतकीने मान डोलावली. मी तांब्या परत दिला.

कड्याखाली पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. करवंदाची जाळी होती तिथेच होती. मी घरून नवी चिठ्ठी लिहून आणली होती. तोडलेल्या नमुन्याच्या कुपीत ती घालायची होती. तिच्यावर मी जागा लिहिली होती: भुयारा घळ, आंबेशेतच्या डोंगराची पलीकडली बाजू, कड्याखाली. पुढे अक्षांश-रेखांशासाठी जागा सोडली होती. केतकीने आपल्या फोनवर ते बघून मला वाचून दाखवले, आणि मी पेन्सिलीने लिहिले. संग्राहकापुढे त्याचं नाव लिहिलेलंच होतं.

अंधारून यायच्या आधी घळीच्या तोंडाशी सळसळ सुरू झाली. केतकीने पिशवीतून दोन मुखपट्ट्या काढल्या, एक मला दिली. आधी दोन-चार वटवाघळं आली, मग धुरासारखा त्यांचा लोंढाच बाहेर पडून डोंगरावरून आंबेशेतच्या बाजूला वळला. एकेकाच्या केसांत त्या माश्या असतील, डोकं पाठीवर ठेवून, पोटात एकेक अळी घेऊन. त्यांच्या रक्तात आणखी काय असेल ते मला माहीत नव्हतं.

"सुंदर आहेत," केतकी म्हणाली. "हे त्याने मला कितीदा सांगितलं होतं. मी आले नाही."

एक वटवाघूळ वाट चुकून आमच्या डोक्यावरून अगदी जवळून गेलं. त्याच्या पंखांचा वारा कपाळाला लागला. केतकी एक पाऊल मागे सरकली. मीही सरकलो.